चीन, अरब आणि आपण : गो. पु. देशपांडे यांच्या अभ्यासाच्या निमित्ताने

तिसगाव हे नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. करंजीचा घाट ओलांडला की थोड्याच वेळात ते लागते. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अजून नगरच येते. अशा गावातील एखाद्या शेतकऱ्याने दिवसभरात उच्चारलेले शब्द कोणी टिपून ठेवले, तर त्यांत अरबी शब्दांची संख्या पाहून तो शेतकरीच चकित होईल. खरीप अरबी, रब्बी अरबी. दुकान, मालक, हिशेब, तारीख, वकील, तहसील, जाहीर हे सारे शब्द अरबस्तानातून फारसीच्या वाटेने आपल्या ओट्यावर येऊन बसले आहेत. चीनकडून आलेले शब्द त्या मानाने अगदी थोडे. पण त्यांतला एक असा की त्याच्यावाचून आपली सकाळ होत नाही. तो शब्द म्हणजे चहा.

चीन आणि अरब या दोन जगांशी आपला व्यवहार असा तोंडात मुरलेला आहे. त्यांचा अभ्यास मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी केला. त्या दोन जगांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न तर मराठीत क्वचितच विचारला गेला. वास्तविक आखातातून निघालेले तेल कोणाच्या बंदराकडे वळते, यावर तिसगावच्या पंपावरील डिझेलचा भावही अवलंबून असतो. तरीही हा विषय दिल्लीतल्या विद्वानांचा, आपला नव्हे, अशी आपण समजूत करून घेतली आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात काँग्रेसचे पुढारी स्थानबद्ध होते. त्यांत मक्केत जन्मलेले आणि अरबीचे थोर पंडित असलेले मौलाना अबुल कलाम आझाद होते. पहाटे उठून ते स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत. चमेलीच्या सुगंधाचा हा पांढरा चहा त्यांना इतका प्रिय, की किल्ल्यात लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्यावर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. त्यात दूध-साखर घालून पिणाऱ्यांविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. तेव्हा आम्हां नगरकरांची त्यांच्यापुढे काही धडगत नव्हती. त्याच तटबंदीच्या आत पंडित नेहरू 1944 साली आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहीत होते. त्यात भारत आणि चीन यांच्या प्राचीन मैत्रीवर जिव्हाळ्याने लिहिलेले एक प्रकरण आहे. त्या मैत्रीचे पुढे 1962 साली काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. चीनविषयीचा जिव्हाळा आणि चीनविषयीचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या हिवाळ्यात देशाला फार महाग पडून कळले.

ऐकीव माहितीवर विसंबू नये, जाऊन पाहावे, ही शिकवण कॅथॉलिक परंपरेला नवी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल दरबारातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या कानावर मुसलमान व्यापाऱ्यांकडून ‘खिताय’ नावाच्या एका देशाची वार्ता आली. तेथे ख्रिस्ती लोक राहतात, असे व्यापारी सांगत. याच सुमारास फादर मातेओ रिची चीनमध्ये पोहोचलेले होते. ते काही वर्षे गोव्यात राहून, 1580 साली कोचीनला गुरुदीक्षा घेऊन पुढे गेले होते. खिताय म्हणजेच चीन, असे ते लिहून कळवीत होते. परंतु खात्री कोणालाच नव्हती. तेव्हा ब्रदर बेंतो द गोइस यांना खुष्कीच्या मार्गाने पाठविण्याचे ठरले. अझोर बेटांत जन्मलेले, सैनिकी पेशा सोडून गोव्यात येशूसंघात आलेले हे ब्रदर 1602 साली आग्र्याहून निघाले. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश होता आणि नाव घेतले होते अब्दुल्ला. पण त्या नावापुढे त्यांनी ‘इसाई’ हा शब्द जोडला होता. आपला विश्वास लपवून प्रवास करणे त्यांना मानवले नाही. काबूल, पामीरचे पठार, यारकंद अशा मार्गाने मुसलमान काफिल्यांच्या सोबतीने ते चीनच्या भिंतीपर्यंत पोहोचले. खिताय आणि चीन एकच, हे त्यांनी स्वतःच्या पायांनी सिद्ध केले. रिची यांनी पेकिंगहून पाठविलेला चिनी बंधू त्यांना भेटला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. 1607 च्या एप्रिलमध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला.

महाराष्ट्रातही जाऊन पाहणारे, मुळातून वाचणारे लोक झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरमध्ये तेथेच निवर्तले, हे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. पुण्याच्या पु. वि. बापटांचे नाव मात्र शाळकरी मुलाला तर नाहीच, त्याच्या शिक्षकालाही ठाऊक नसते. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ त्या वेळी अभ्यासकांना चिनी भाषांतरातूनच पाहावा लागे. बापटांनी तो मिळवून पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला आणि 1937 साली तो तौलनिक अभ्यास पुण्यातून प्रसिद्ध केला. पुण्याचेच वसंत परांजपे 1947 मध्ये चीनला शिकायला गेले, पुढे परराष्ट्र सेवेत दाखल झाले, आणि 1954 साली नेहरूंच्या चीनभेटीत दुभाष्याचे काम त्यांनी केले.

या मालिकेत गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांचे स्थान निराळे आहे. मराठी वाचक त्यांना गो. पु. देशपांडे या नावाने ओळखतो, आणि ओळखतो तो नाटककार म्हणून. 1938 साली जन्मलेले, सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे गृहस्थ दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयाचे प्राध्यापक होते. तेथे त्यांची हयात गेली, आणि 2013 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘उध्वस्त धर्मशाळा’ या त्यांच्या नाटकात एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठीय समितीपुढे चौकशी होते. नाटकभर माणसे बोलतात, वाद घालतात. बाहेरचे असे फार थोडे घडते. मराठी रंगभूमीवर विचारांनाच पात्रे करणारे असे नाटक विरळा. ‘सत्यशोधक’ हे जोतीराव फुल्यांवरील नाटक त्यांनी लिहिले. पुण्यातील सफाई कामगारांना घेऊन अतुल पेठे यांनी 2012 साली ते रंगमंचावर आणले. त्यांच्या निबंधसंग्रहाचे नाव ‘रहिमतपूरकरांची निबंधमाला’. चिपळूणकरांना काढलेला हा चिमटा मराठी वाचकाने ओळखला. ही सारी त्यांची मराठी बाजू झाली.

त्यांची दुसरी बाजू इंग्रजीत आहे. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीवरील त्यांचे पुस्तक 1971 साली आले. चीनच्या आफ्रिकाविषयक परराष्ट्रधोरणावर त्यांनी एच. के. गुप्ता यांच्यासह लिहिलेला ग्रंथ 1986 साली मुंबईतून प्रसिद्ध झाला. ‘साम्राज्यशाहीविरुद्ध संयुक्त आघाडी’ असा त्याच्या नावाचा अर्थ. भारत-चीन संबंधांच्या पन्नास वर्षांवरील लेखसंग्रह त्यांनी अलका आचार्य यांच्याबरोबर संपादित केला. तो 2001 चा. शिवाय ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकात ते वर्षानुवर्षे चीनविषयी लिहीत राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गोपु मार्क्सवादी होते. आम्ही ख्रिस्ताला मानणारे. चीनमधील ज्या राजवटीचा अभ्यास त्यांनी एका अर्थी सहानुभूतीने केला, त्याच राजवटीने आमच्या धर्मबांधवांना तुरुंगात घातले. तेव्हा त्यांचे सगळेच निष्कर्ष आम्हाला पटतील, हे संभवत नाही. पण 1962 नंतर आपल्या देशात चीनविषयी बोलण्याच्या दोनच तऱ्हा उरल्या होत्या. एक शिवीगाळीची, आणि दुसरी, अगदी मूठभरांची, आरतीची. या दोहोंपासून दूर राहून, चीन स्वतःशी काय बोलतो ते आधी नीट ऐकावे आणि मग त्याची कृती त्या बोलण्याशी ताडून पाहावी, असे मानणारे जे थोडे अभ्यासक होते, त्यांत गोपुंची गणना करावी लागते. नाटककाराला हे सोपे जात असावे. ज्याला आपल्या विरोधकाच्या तोंडी खरेखुरे वाक्य घालता येत नाही, त्याचे नाटक दुसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही.

‘संयुक्त आघाडी’ ही कल्पना समजून घेतल्याशिवाय चीन आणि अरब यांच्या नात्याचे कोडे सुटत नाही. माओ त्से तुंग यांनी 1937 साली अंतर्विरोधावर जो निबंध लिहिला, त्याचे सार थोडक्यात असे : एका वेळी अनेक विरोध असतात, पण त्यांतला मुख्य एकच असतो. तो कोणता ते ओळखावे, आणि त्या मुख्य शत्रूविरुद्ध बाकी सर्वांना जवळ करावे, मग ते कोणत्याही विचाराचे असोत. मुख्य शत्रू बदलला की आघाडीतील माणसेही बदलतात. कालचा मित्र आज वाऱ्यावर सोडला जातो, आणि त्यात फसवणूक केली असे सोडणाऱ्याला वाटत नाही.

आता इतिहास पाहावा. पश्चिम आशियातील देशांत जनवादी चीनला पहिली मान्यता दिली ती इस्राएलने, 1950 च्या जानेवारीत. चीनने ती ऐकून घेतली, पण राजदूतांची देवघेव केली नाही. बहुतेक अरब राष्ट्रे त्या वेळी तैवानच्या सरकारालाच चीन मानीत होती. हे चित्र बदलण्यास आरंभ झाला तो 1955 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे. आशिया आणि आफ्रिकेतील एकोणतीस देशांच्या त्या परिषदेला चीनचे पंतप्रधान चौ एन लाय आले, इजिप्तचे नासर आले. इस्राएलला बोलावणे नव्हते. परिषदेने पॅलेस्टाईनमधील अरबांच्या हक्कांना पाठिंबा दिला आणि चौ यांनी तो उचलून धरला. पुढल्याच वर्षी, 30 मे 1956 रोजी, इजिप्तने जनवादी चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. अरब जगातील आणि आफ्रिका खंडातील हे पहिले राष्ट्र. त्यामागोमाग त्याच वर्षी सीरिया आणि येमेन आले. चीनने इजिप्तचा कापूस घेतला, आणि सुएझच्या संकटात दोन कोटी स्विस फ्रँकची मदत दिली. अल्जीरियाच्या बंडखोरांनी 1958 च्या सप्टेंबरमध्ये हंगामी सरकार स्थापन केले, तेव्हा अरबांबाहेर त्याला मान्यता देण्यात चीन सर्वांत पुढे होता.

बांडुंगमधील एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चौ एन लाय यांच्या शिष्टमंडळात दा पुशेंग नावाचे एक वृद्ध इमाम होते. चीनमध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, आमच्या शिष्टमंडळातच एक श्रद्धाळू इमाम आहेत, असे चौ यांनी परिषदेपुढे बोलून दाखविले. सौदी अरबस्तानचे राजपुत्र फैसल यांच्याकडे चिनी मुसलमानांच्या हज यात्रेची गोष्ट काढण्यात आली, आणि त्याच वर्षी चिनी यात्रेकरूंचा एक जथा मक्केला गेला. ज्या सौदी राज्याशी चीनचे राजनैतिक संबंध नव्हते, त्याच्या दारात चीनने पहिले पाऊल टाकले ते इमामाच्या हाताला धरून.

आणि त्याच वर्षी, 8 सप्टेंबर 1955 रोजी, मारिया मातेच्या जन्मोत्सवाच्या रात्री, शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग पिन मेई यांना अटक झाली. त्यांच्यासोबत कित्येक धर्मगुरू आणि शेकडो श्रावक पकडले गेले. पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप अंतोनिओ रिबेरी यांना 1951 मध्येच देशाबाहेर घालविण्यात आले होते. बिशप कुंग यांना 1960 साली जन्मठेप झाली. ते 1985 साली तुरुंगाबाहेर आले. तीस वर्षे गेली. दरम्यान 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना गुप्तपणे कार्डिनल केले होते. ते नाव जाहीर झाले 1991 साली. 2000 साली अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले.

एकाच वर्षी इमाम बांडुंगला आणि बिशप तुरुंगात, हे कसे? धर्मद्वेष एवढेच उत्तर दिले तर इमामाचा उलगडा होत नाही. धर्मस्वातंत्र्य होते असे म्हटले तर बिशपांचा होत नाही. संयुक्त आघाडीच्या चष्म्यातून पाहिले म्हणजे दोन्ही एका रेषेत येतात. इमामाचा धागा जात होता तो कैरो आणि मक्केकडे, म्हणजे ज्यांना जवळ करायचे होते त्यांच्याकडे. बिशपांचा धागा जात होता रोमकडे. चीनच्या हिशेबी रोम म्हणजे पाश्चात्य सत्ता, आणि 1955 साली मुख्य शत्रू अमेरिका होती. माणसाच्या अंतःकरणातील विश्वासाला या हिशेबात रकाना नव्हता. आम्हाला हे लिहिताना वेदना होतात. तरी, ज्यांनी आमच्या बिशपांना कोंडले त्यांना केवळ राक्षस समजून आम्ही थांबलो, तर पुढे 1966 पासून सांस्कृतिक क्रांतीत चिनी मशिदीही का बंद पडल्या, हे आम्हाला कळणार नाही. त्या क्रांतीच्या काळात चीनने जगभरचे आपले राजदूत माघारी बोलावले, फक्त एक सोडून. तो एक होता कैरोचा, हुआंग हुआ. घरात मशिदीला कुलूप आणि कैरोत राजदूत कायम, असा तो मामला होता.

चीन आणि अरब यांच्यावर खुद्द अरब अभ्यासकांनी काय लिहिले, हेही पाहावयास हवे. कुवेतचे हाशिम बेहबेहानी यांचे 1955 ते 1975 या काळातील चीनच्या अरबविषयक धोरणावरील पुस्तक 1981 मध्ये आले. त्यांनी तीन उदाहरणे निवडली : पॅलेस्टिनी चळवळ, ओमानमधील बंडखोर, आणि कुवेतचे राज्य. ही निवडच फार बोलकी आहे. एक देशावाचून राहिलेली जनता, एक सुलतानाविरुद्ध उठलेले डोंगरी लोक, आणि एक तेलसंपन्न अमिराचे सरकार. चीनने तिघांशीही मैत्री केली. प्रश्न असा, की तिघांच्या हिताचा खटका उडाला तेव्हा चीन कोणाच्या बाजूने उभा राहिला?

यांतले ओमानचे उदाहरण आम्हाला सर्वांत अधिक विचार करायला लावणारे वाटते. ओमानच्या दक्षिणेस धोफार नावाचा डोंगराळ प्रांत आहे. आपल्यासारखाच तेथे पावसाळा येतो आणि काही महिने डोंगर हिरवे होतात. तीन राजांनी बाळ येशूला वाहिलेल्या भेटींतला ऊद ज्या झाडाच्या चिकापासून होतो, ती झाडे तेथली. तेथील लोकांनी 1965 साली सुलतानाविरुद्ध बंड पुकारले. 1967 च्या सुमारास चीनची शस्त्रे दक्षिण येमेनमार्गे त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली. 1968 पासून चळवळीचे नेतृत्व मार्क्सवाद्यांच्या हाती गेले. गुराख्यांची पोरे माओंची वचने पाठ करू लागली, त्यांचे प्रतिनिधी पेकिंगला जाऊन आले. जगातील शोषितांच्या पाठीशी आम्ही आहोत, हे चीनचे वाक्य त्यांनी अक्षरशः खरे मानले.

तेवढ्यात चीनचा मुख्य शत्रू बदलला. 1969 साली चीन आणि रशिया यांच्या सरहद्दीवर रक्त सांडले, आणि पेकिंगच्या लेखी सोव्हिएत संघ हा अमेरिकेहून मोठा धोका ठरला. आता आखातात रशियाला अडवील तो आपला, असे समीकरण झाले. 1971 च्या मार्चमध्ये कुवेतशी राजनैतिक संबंध जुळले, ऑगस्टमध्ये इराणच्या शहांशी. ऑक्टोबरमध्ये चीन संयुक्त राष्ट्रांत आला. त्या ठरावामागे अल्बानियाबरोबर अल्जीरिया आघाडीवर होता. 1958 च्या मैत्रीची ती फेड म्हणावी. धोफारकडे जाणारा शस्त्रांचा ओघ आटत गेला आणि बंद झाला. 1973 मध्ये त्याच शहांचे सैन्य सुलतानाच्या मदतीला धोफारच्या डोंगरांत उतरले. 1975 च्या अखेरीस बंड संपल्यात जमा झाले, आणि 1978 च्या मे महिन्यात चीनने ओमानच्या सुलतानाशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. धोफारच्या त्या गुराख्यांना कोणी विचारले नाही.

‘उध्वस्त धर्मशाळा’ वाचलेल्या माणसाला येथे काही आठवल्यावाचून राहणार नाही. विचारावर निष्ठा ठेवणाऱ्या माणसाचे, तो विचार संस्थेच्या आणि सत्तेच्या हाती गेल्यावर काय होते, हा त्या नाटकाचा प्रश्न. एकाच माणसाने एका हाताने चीनचे धोरण अभ्यासावे आणि दुसऱ्या हाताने असे नाटक लिहावे, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल, कारण त्यात विचारांचा भाग कमी आणि व्यापाराचा अधिक. चीनने सौदी अरबस्तानाला लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे गुप्तपणे विकल्याचे 1988 साली उघड झाले; 1990 च्या जुलैत दोघांचे संबंध जुळले. 24 जानेवारी 1992 रोजी चीनने इस्राएलशीही संबंध जोडले. भारताने तेच केले अवघ्या पाच दिवसांनी, 29 जानेवारीला. तेव्हा या बाबतीत आपण चीनकडे फार नाक मुरडू नये. 1993 पासून चीनला बाहेरून जितके तेल घ्यावे लागले ते त्याने बाहेर विकलेल्या तेलाहून अधिक भरू लागले, आणि मग आखात हे चीनचे कोठार झाले. 10 मार्च 2023 रोजी सौदी अरबस्तान आणि इराण यांचा समेट बीजिंगमध्ये घडून आला. 2024 च्या जुलैत पॅलेस्टाईनच्या चौदा गटांनी तेथेच एकीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

परंतु हिशेबाचे दुसरे पान याच काळात लिहिले गेले. चीनच्या शिंजियांग प्रांतातील उइगुर मुसलमानांना मोठ्या संख्येने छावण्यांत कोंडल्याच्या वार्ता 2017 पासून येऊ लागल्या. 2019 च्या जुलैत बावीस देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला पत्र लिहून चीनला जाब विचारला. त्यांत बहुसंख्य मुसलमान वस्तीचा एकही देश नव्हता. उलट चीनची पाठराखण करणारे सदतीस देशांचे पत्र गेले. त्यावर सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, इजिप्त, अल्जीरिया यांची नावे होती. कतारचेही होते, त्याने ते मागाहून काढून घेतले. 1955 साली ज्या इमामाच्या हाताला धरून चीन मक्केच्या दाराशी गेला, त्याच्याच धर्मबांधवांसाठी मक्केचे रखवालदार आता बोलेनात. 6 ऑक्टोबर 2022 रोजी शिंजियांगवरील अहवालावर नुसती चर्चा करावी की नाही, यावर परिषदेत मतदान झाले. चर्चेच्या बाजूने सतरा, विरुद्ध एकोणीस. अकरा देश तटस्थ राहिले, आणि त्यांत भारत होता.

अरबांना दोष देणे आम्हाला सोपे आहे. पण रोमचे काय? 22 सप्टेंबर 2018 रोजी व्हॅटिकन आणि चीन यांच्यात बिशपांच्या नेमणुकीसंबंधी तात्पुरता करार झाला. त्याचे दोन वर्षांनी आणि पुन्हा दोन वर्षांनी नूतनीकरण झाले. हाँगकाँगचे कार्डिनल झेन यांनी त्याला उघड विरोध केला. ज्यांनी सरकारी संघटनेत न जाता पोपशी निष्ठा राखली, तुरुंग भोगला, त्या गुप्त ख्रिस्तसभेचा हा विश्वासघात आहे, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूचे म्हणणे असे, की बिशपांच्या दोन रांगा पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवल्या तर कळपच दुभंगतो. अपुरा करार चालेल, पण एकता हवी. दोन्ही बाजूंना तळमळ आहे, याविषयी आम्हाला शंका नाही.

आमच्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांत मात्र या कराराविषयी जे थोडेफार आले, ते बहुधा एक तर टाळ्यांचे किंवा अश्रूंचे होते. 1962 नंतर देशाने जी चूक केली, तीच ही. आम्हां नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना तरी ऐकीव निवाड्याचा जाच ठाऊक असावयास हवा. 1876 च्या मोठ्या दुष्काळानंतर केंदळ-वळण भागात जर्मन येशूसंघीयांचे काम सुरू झाले, आणि तेव्हापासून आमच्या पूर्वजांना ‘भाकरीसाठी बाटलेले’ म्हणण्यात आले. त्यांना कोणी विचारले नाही. गंमत अशी, की चीनमधील गरीब ख्रिस्ती लोकांनाही त्याच काळात हाच टोमणा मारीत. तेथे भाकरीऐवजी भात म्हणत, इतकाच फरक.

म्हणून या कराराकडे पाहताना आधी गोपुंच्या पद्धतीचे प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. आज चीनच्या लेखी मुख्य विरोध कोणता? त्या हिशेबात रोम कोठे बसते? व्हॅटिकनचे राजनैतिक संबंध अजून तैवानशी आहेत. चीनला त्याची किंमत काय वाटते? आणि मुख्य विरोध बदलला, तर शांघायच्या धर्मप्रांतात धोफारची पुनरावृत्ती होणार नाही, याची हमी कोणाकडे आहे? या प्रश्नांना भक्तीची उत्तरे देता येत नाहीत. कागद वाचावे लागतात. 2023 च्या एप्रिलमध्ये चीनने बिशप जोसेफ शेन बिन यांना रोमला न विचारता शांघायच्या गादीवर बसविले. ही बिशप कुंग यांची गादी. जुलैत पोप फ्रान्सिस यांनी धर्मप्रांताच्या हितासाठी ती नेमणूक मान्य केली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कराराची मुदत पुन्हा वाढविण्यात आली, या वेळी दोन नव्हे तर चार वर्षांनी. कराराचा मजकूर आजवर प्रसिद्ध झालेला नाही.